एकाच दिवशी दोन सामने

"उपांत्य सामना सकाळी, अंतिम सामना त्याच दिवशी संध्याकाळी. एका तिकिटात दोन्ही, म्हणजे गर्दी होईल," कबड्डी लीगच्या संचालकांनी नवा आराखडा मांडला.

"मधे विश्रांती नसेल, तर एखादी मुलगी कायमची जायबंदी होईल," डॉक्टर मुलाणीबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी कर्णधार सुलक्षणाकडे पाहिलं. गेल्या मोसमात प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लीग बंद पडली तर संघातल्या मुली पुन्हा घरी बसणार होत्या. "आम्ही खेळू," ती म्हणाली.

अंतिम सामन्याला स्टेडियम खच्चून भरलं. शेवटच्या मिनिटाला चढाईला निघालेली रेणुका सुलक्षणाच्या कानाशी म्हणाली, "ताई, सकाळी डोकं मॅटवर आपटलं होतं. आता दिवे दोन-दोन दिसतायत."

सुलक्षणानं कडेला बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे. एकच गुण हवा होता.

"एवढी एक चढाई कर, बाळा."

रेणुका मध्यरेषा ओलांडून गेली. "कबड्डी, कबड्डी" म्हणता म्हणता तिचा आवाज तुटला आणि कुणी शिवायच्या आत ती खाली कोसळली. डॉक्टर धावल्या. प्रेक्षकांना मात्र रेणुकाचं कोसळणं ही हूल वाटली. ते टाळ्या वाजवत राहिले.