नवरदेवाचं बनियन

"काढ की मेल्या ते बनियन! हळद काय कापडाला लावायची असती व्हय?" मनकर्णाआत्या खेकसली.

माऊली पाटावर बसला होता. चोरीचा माल लपवावा तसं त्यानं दोन्ही हातांनी बनियन आवळून धरलं होतं. पाच सवाशिणी हळदीचे हात वर करून ताटकळल्या होत्या. सगळी आळी अंगणात जमली होती. सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या छातीवर होते, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

लग्न ठरलं तेव्हा माऊलीला वाटलं, छाती जरा भरदार पाहिजे. जिममधल्या एका पैलवानानं त्याला सुया टोचल्या. छाती भरली. मग भरतच गेली. त्यानं सुया बंद केल्या, तरी ती मागं हटेना. मऊ पडली, शर्टाखाली हलायला लागली. वडिलांना, म्हणजे तात्यासाहेबांना, वाटायचं पोरगं बॉयलर कोंबडी खाऊन सुटलंय. आत्याचा संशय मोबाईलवर होता. वरच्या खिशात ठेवला की माणूस नासतो म्हणे.

डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं. "पुरुषाचं हार्मोन बाहेरून फुकट मिळायला लागलं, तशा आतल्या ग्रंथी काम सोडून बसल्या. आणि जास्तीचा माल शरीरानं बाईच्या हार्मोनात बदलून टाकला. उपाय आहे, पण वेळ लागेल."

माऊलीनं हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"थंडी वाजायली," तो आत्याला म्हणाला.

मे महिना होता. मांडवावरच्या पत्र्यावर पापड भाजले असते.

दारात जीप उभी होती. नवरदेवाची उष्टी हळद वेरूळला पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती. तेवढ्यात नवरीचाच फोन आला. माऊली पाटावरून उठला, न्हाणीघरात पळाला आणि आतून कडी लावली.

"अहो, निघाली का जीप?" प्रेरणा म्हणाली. "इथं बायका गाणी म्हणून म्हणून दमल्या. आता चहा मागायल्यात."

काहीतरी थाप मारावी, असं माऊलीच्या मनात आलं. आज निभावलं असतं. पण उद्या लग्न. मग परवा काय? बनियन काय जन्मभर अंगावर ठेवायचं?

"जीप नाय निघाली," तो म्हणाला. "आधी ऐक. मी जिममधी सुया टोचून घेतल्या. माझे हार्मोन बिघडलेत. छाती बाईमाणसासारखी झालीय. दवाखाना चालू आहे, पण लगेच काय बरं होत नाय. तुला नको म्हणायचं असलं, तर आत्ताच म्हण. अंगाला हळद लागली की तुझं तोंड बंद होईल."

इकडं आत्या दार बडवत होती. "अरे ए माऊली! हळद वाळायली! आत काय बाळंत व्हायलास काय?"

माऊलीनं कपाळ भिंतीला टेकवलं. फोनमधून दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग प्रेरणा हळू आवाजात बोलायला लागली.

"हळद पाठवा लवकर. माझे बी हार्मोन बिघडलेत. सकाळी गुळगुळीत दाढी करून बसलेय, संध्याकाळी खुंट वर येतील."