बिनवासाचा साबण

तेरा वर्षं सोडतीत नाव घातल्यावर यंदा कुठे रॉइसला एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता. डिसेंबरातला, तोही फक्त धनुष्यबाणाचा. बाणाच्या टप्प्यात यायचं तर जनावराला माणसाचा वास लागता कामा नये, म्हणून त्याची बायको मार्लीस त्याचे कपडे बिनवासाच्या साबणाने वेगळे धूत असे. दर शनिवारी तो माग काढायला डोंगरात जाई.

या शनिवारी त्याचा शर्ट मशीनमध्ये टाकता टाकता तिचा हात थबकला. पावडरीचा वास!

"कुठे गेला होतास?"

"डोंगरात. आणखी कुठे?"

"डोंगरात पावडर लावून कोण फिरतं रे?"

"वारा बघायला उडवतो ती पूड असेल." रॉइस नकाशातून डोकं वर काढेना.

"त्या पुडीला वास नसतो. तीस वर्षं तुझे कपडे धुतेय, मला शिकवू नकोस."

कोण असेल ही सटवी? मार्लीसने शर्ट पुन्हा नाकाशी नेला. डाव्या खांद्यावर पांढुरका डाग होता. आंबूस. ओकलेल्या दुधाचा.

मार्चमध्ये पोटुशी असलेल्या लेकीला घराबाहेर काढताना यानेच बजावलं होतं, "जॅनेलचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये."

"पुढच्या शनिवारी खांद्यावर फडकं टाक," ती म्हणाली. "आणि मलाही ने. परवाना तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, ठाऊक आहे मला. पण नुसतं बघायला सोबत आलेलं चालतं ना?"