आतली कडी

नवं दार चौकटीत बसलं. म्हाताऱ्या सुताराने बिजागऱ्यांना तेल सोडलं, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. मग त्या शहरातला प्रत्येक सुतार करतो तसं दाराच्या आतल्या अंगावरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला आणि 'दार मोकळं!' अशी हाळी द्यायला गल्लीकडे तोंड केलं.

"थांबा, मिस्त्रीकाका," घरधनीण म्हणाली. "हाळी देऊ नका. काम राहिलंय अजून."

तिने वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत वीतभर लोखंडी कडी होती, आठ स्क्रू होते.

"ही तर गोठ्याची कडी."

"हो. गाईला मिळते, मला नाही."

सुतार हसला. "पोरी, आपल्याकडे घराला आतून कडी नसते. बाहेरून हवं तेवढं मोठं कुलूप घाल. आतून दार मोकळंच. तशी हाळी माझ्या बापाने दिली, आज्याने दिली. शुभ असतं ते."

"माझा दीर कधीही आत येतो. हे होते तोवर पुढच्या खोलीत बसून जायचा. आता थेट आत. परवा लेक मोरीत अंघोळ करत होती. तेरावं लागलंय तिला."

"मग बोल की त्याला."

"बोलले. म्हणाला, भावाचं घर आहे, दार मोकळं होतं, आलो."

तिने पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. ती नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात जुन्या वह्या शिवायचं काम करायची. गेल्या आठवड्यात तिच्यापुढे एक वही आली होती. वही बाहेर नेता येत नाही, म्हणून तिने एक पान हाताने उतरवून आणलं होतं.

"शहर पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशीचा हुकूम आहे. ऐका. 'कोणत्याही घराच्या दारास आतून कडी अथवा अडसर असू नये. शिपायास कोणत्याही वेळी आत जाता आले पाहिजे. सुताराने दाराच्या आतील अंगावरून हात फिरवून खात्री करावी आणि दार मोकळे असल्याचे पहारेकऱ्यास ओरडून सांगावे. जो सुतार सांगणार नाही, त्याचा उजवा हात तोडावा.'"

सुताराने कागद घेतला. डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचला. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. मग बराच वेळ तो आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. हाताला अजून भुसा लागलेला होता.

"ती स्वारी शाळेत पाठ होती आम्हाला," तो म्हणाला. "एका सकाळीत शहर घेतलं. त्यांचे फक्त अकरा शिपाई पडले. इतकी फत्ते झालेली स्वारी जगात दुसरी नाही, असं मास्तर सांगायचे."

"आम्हालाही होती. स्वारीचे पाच परिणाम लिहा. हमखास यायचा प्रश्न."

"रस्ते, पूल, टपाल, न्यायालय."

"आणि पाचवा?"

"पाचवा मला कधी आठवायचा नाही." त्याने कागद परत दिला. "पण ते लोक जाऊन दोनशे वर्षं झाली, पोरी."

"मग हात कोण तोडणार आहे?"

सुताराने हत्यारं पिशवीत भरायला घेतली. "गल्ली तोंडात शेण घालील माझ्या. उद्या मला दार कोण सांगेल? तुला लावायची तर तू लाव. मी पाहिलं नाही." तो दाराकडे पाठ करून पायरीवर बसला.

तिने विनवण्या केल्या नाहीत. वह्या शिवायची आरी आणली, कडी दारावर धरली आणि जोर लावला. आरी घसरली. पहिलं भोक तिरकं पडलं. दुसरं फळीच्या कडेला पडलं. तिसऱ्याला लाकूड कुरकुरलं.

सुताराला राहवेना. "अगं ए बाई! पुठ्ठा आहे का तो? सागवान आहे, चिरेल. सरक तिकडे."

"तुम्ही पाहिलं नाही ना?"

"दार माझं आहे. वाकडा स्क्रू माझ्या नावावर नको."

त्याने गिरमिट काढलं, पेन्सिलीने आठ ठिपके दिले, एकेक भोक पाडलं. तिरक्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून ती बुजवली. सात स्क्रू त्याने पिळले. आठवा तिने मागून घेतला आणि मनगट दुखेपर्यंत पिळला.

मग तिने दार लावलं आणि कडी सरकवली. बंद खोलीत दोघं उभी राहिली. सुताराने आयुष्यात हजारभर दारं बसवली होती. पण आतून लागलेल्या दाराआड तो कधी उभा राहिला नव्हता. गल्लीतला आवाज एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

बाहेर पायरीवर चपला वाजल्या. तिने त्या ओळखल्या.

दार ढकललं गेलं. नखभर हललं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, या वेळी खांद्याने. चौकट करकरली. कडी जागची हलली नाही.

"उघडू?" सुताराने हळूच विचारलं.

"नाही."

मग दारावर बोटांची पेरं वाजली. आधी एकदा. थोड्या वेळाने दोनदा, चाचरत. त्या गल्लीत आजवर कुणी कुणाचं दार वाजवलं नव्हतं.

तिने कडीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"कोण?" तिने विचारलं.