सरकारी कवळी

डब्यात डिंकाचे लाडू अकरा होते आणि सिंधूआत्यांच्या सरकारी कवळीत दात अठ्ठावीस. एक्याऐंशीव्या वाढदिवसाचा पहिला लाडू त्यांनी ओठांशी नेला, तोच कवळी खटकन मिटली.

"साखर आढळली. जबडा बंद," तोंडातूनच आवाज आला.

"आत्या, तुमच्या जिवासाठीच आहे हो ते," भाचसून केतकी म्हणाली.

आत्यांनी कवळी उपटून पाण्याच्या पेल्यात टाकली. "जीव माझा, साखर माझी, दात तेवढे सरकारचे," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "त्यांनाच घडू दे उपास!"

हिरड्यांनी एक लाडू संपवायला बेचाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी पेल्यातल्या कवळीने आरोग्य खात्याला नेहमीचा अहवाल पाठवला. दिवसभरातली साखर शून्य ग्रॅम. डब्यात लाडू आठ होते.