लेटलतीफचा दवाखाना

बाईंनी पर्समधून एक कागद काढला आणि डॉक्टरांपुढे सरकवला. ‘रोज चाला, निरोगी राहा’ असा मथळा असलेला तो छापील कागद मागच्या खेपेला डॉक्टरांनीच त्यांना दिला होता. आता त्याच्या खाली लाल शाईत शेरा होता: दहापैकी चार. सूचनांचा भडिमार, उदाहरण एकही नाही.

डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. कानाजवळचे केस पिकले होते, बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते, पण बाईंची लाल शाई ती लाल शाई. चौथीत त्यांनी बाईंच्या हातचा मारही खाल्ला होता आणि खाऊही.

रिपोर्टने मात्र बाईंनाच नापास केलं होतं. साखर पुन्हा चढली होती. गोळ्या वाढवून झाल्या होत्या, आता पुढची पायरी म्हणजे रोज इन्सुलिनची सुई. बाईंचा हात थरथरायचा, स्वतःच स्वतःला टोचून घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे घराला कुलूप लावून भाचीकडे राहायला जायचं. भाची जीव लावणारी होती, पण बाईंना आपलं दार, आपली खिडकी आणि आपली आरामखुर्ची सोडून कुठेही जायचं नव्हतं. तसं त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं.

चालायला जाता का, या प्रश्नाला त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. एकदा बागेत गेल्या होत्या. एक फेरी मारली, तर निघाल्या तिथेच परत. सगळी माणसं शिक्षा झाल्यासारखी गोल गोल फिरत होती, कुणी कुठे पोचत नव्हतं. बाई घरी आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत.

डॉक्टरांनी सवयीने साखरेचे धोके सांगायला सुरुवात केली: हृदय, डोळे, पायाच्या नसा. बाईंनी हात वर केला तसे ते मध्येच थांबले.

“वेळेवर ये म्हणून मी तुझ्या किती मागे लागले होते, आठवतं?”

“हो, बाई.”

“आलास?”

“नाही, बाई.”

“मग कधीपासून यायला लागलास?”

डॉक्टर हसले. शाळेत ते रोज प्रार्थना संपल्यावर उगवायचे. बाईंनी रागावून पाहिलं, वर्गाबाहेर उभं करून पाहिलं, आईला बोलावून घेतलं. मुलांनी लेटलतीफ असं नाव पाडलं. ढिम्म फरक पडला नाही. मग एके दिवशी बाईंनी त्यांच्या हातात घंटेचा हातोडा दिला आणि उद्यापासून पहिली घंटा तू द्यायचीस म्हणून सांगितलं. त्यानंतर लेटलतीफ वर्षभर शिपायाच्याही आधी शाळेत हजर. एकदा तर अंगात ताप असताना आला, घंटा वाजवली आणि घरी जाऊन झोपला.

बाई पर्स आवरू लागल्या. डॉक्टर त्या कागदाकडे बघत राहिले, मग त्यांनी तो पालथा घातला.

“बाई, मी अजूनही उशिराच येतो.”

“दिसतंय. बाहेर त्यावरच बोलणं चाललंय.”

“पाटीवर नऊ लिहिलंय. कंपाउंडर सांगून थकला, बायको थकली. तुम्ही रोज नऊला घरून इथवर चालत या. मी आलोय का ते बघा आणि परत जा. तपासणार नाही, उपदेशही करणार नाही.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मला बनवतोस?”

“थोडंसं. पण उशिरा येतो ते अगदी खरं आहे. झेपेल का तेवढं सांगा. रोज नको असेल तर तुम्ही म्हणाल ते दिवस.”

बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला, जरा विचार केला. “सोमवार ते शनिवार,” त्या म्हणाल्या. “रविवारी शाळा नसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे कूस बदलली आणि ताडकन उठून बसले. चहा अर्धा टाकून निघाले. चौकाच्या एका अंगाने ते धावत आले, दुसऱ्या अंगाने पदर खोचून बाई. त्यांना पाहून बाईंनीही पाय उचलला. बाकावरची मंडळी शर्यत बघायला उठून उभी राहिली. बाई एका पायरीने जिंकल्या आणि दम खात एवढंच म्हणाल्या, की पळतोस कशाला, लवकर निघ.

थंडी पडेपर्यंत पाटीवरचं नऊ खरं ठरू लागलं होतं. बाईंचा नवा रिपोर्ट आला, तो डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा वाचला. साखर उतरली होती, सुई टळली होती. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी लाल पेन घेऊन रिपोर्टवर दहापैकी नऊ मार्क दिले. एक मार्क कशाचा कापला, यावर बाई बराच वेळ भांडल्या.

त्यानंतरच्या एका सकाळी डॉक्टर दवाखान्याच्या बंद शटरपुढे उभे राहून खिशात किल्ली चाचपत होते. आज दवाखाना बंद असतो हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. स्वतःशीच हसून ते मागे वळले, तर चौक ओलांडून बाई येत होत्या.

“बाई, आज रविवार. शाळा नसते.”

बाई जागच्या जागी थांबल्या, जराशा ओशाळल्या. मग मनगटावरचं घड्याळ त्यांनी डोळ्यांजवळ नेलं.

“मग तू कशाला आलास?”

बाईंनी पर्स काखेत मारली आणि घराकडे न वळता त्या समोरच्या रस्त्याला लागल्या.

“चल,” त्या म्हणाल्या, “आलोच आहोत तर पुढे काय आहे ते बघून येऊ.”