नखाला न लागणारा सांधा

"तिन्ही सॉफ्टवेअर उतरवून ठेवली आहेत," सर म्हणाले. "महिनाभर फुकट चालतात. घरच्या कॉम्प्युटरवर कुठलं ठेवायचं, ते तू सांग."

ध्वनिमुद्रक खुर्चीच्या कडेवर टेकला. वीस वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात याच सरांनी त्याच्या हाती कानस दिली होती. 'सांधा नखाला लागता कामा नये,' हे त्यांचे वाक्य त्याने पुढे आवाजाच्या कामातही पाळले होते. म्हणूनच गाण्याचे सॉफ्टवेअर निवडायला त्यांनी बोलावले, तेव्हा तो हातातले काम टाकून आला.

आता मात्र त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर खिळली होती.

"आमचे दादा," सर म्हणाले. "मागच्या वर्षी गेले. शेजारी उभा आहे तो आमचा भाचा."

दोन महिन्यांपूर्वी हाच भाचा त्याच्या स्टुडिओत आला होता. एका म्हाताऱ्याच्या आवाजाची तीन रेकॉर्डिंग त्याच्यापाशी होती. त्यांतले शब्द वेचून एकच वाक्य सांधायचे होते: 'माझ्यामागे घर भाच्याला द्यावं.' घरातली गंमत आहे, असे तो म्हणाला. ध्वनिमुद्रकाने खोलात जायचे टाळले होते.

"गाणं कोण करणार, सर?"

"गाणं मागाहून. आधी पारख." सरांनी एक फाइल उघडली. म्हाताऱ्याच्या आवाजातले तेच वाक्य खोलीत घुमले. "हे शुक्रवारी कोर्टात ऐकवायचं आहे. वहिनींच्या वकिलाने आवाजाचा तपासनीस लावलाय. माणूस कसलेला आहे म्हणे."

वाक्य खोटे ठरले, तर स्टुडिओला टाळे आणि त्याला तुरुंग. खरे ठरले, तर एका विधवेचे छप्पर जाणार.

"पहिलं घ्या, सर. सुटसुटीत आहे. तुमच्या कॉम्प्युटरला झेपेल."

"सुटसुटीत की आंधळं?" सरांनी पट्टीने आखलेल्या तक्त्यात फुली मारली. दुसऱ्यात आवाजाची नुसती नागमोडी रेषा दिसली. तिथेही फुली पडली. "तपासनीस यांतलं कुठलं वापरत असेल?"

"तसं नक्की नाही सांगता येणार."

"परीक्षेतही तू असंच लिहायचास. तिसरं उघड."

"ते जड आहे, सर. उगाच मुंगीला मारायला हातोडा."

"मुंगी आहे की नाही, ते तर बघू."

तिसऱ्याने आवाजाचा रंगीत नकाशा पसरला. दुसऱ्याच सेकंदावर, 'घर' आणि 'भाच्याला' यांच्या मधोमध, केसाएवढी एक उभी रेघ होती.

सरांची पेन्सिल थबकली. "ही कसली?"

"पंखा असेल."

"पंख्याची घरघर एकसारखी. तिची रेघ आडवी यायला हवी. उभी कशी येईल?"

सरांनी ते वाक्य पुन्हा लावले, मग आणखी एकदा. वर्गात चुकलेला तुकडा ते असाच, काही न बोलता, सगळ्यांसमोर फिरवून दाखवत.

"बंद करा, सर," तो अखेर म्हणाला. "सांधा माझाच आहे. तुमच्या भाच्याने करून घेतला. आवाज तुमच्या दादांचा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेतलं नाही, हेही खरं. वहिनींना सांगा, मी शुक्रवारी कोर्टात येतो. सगळं कबूल करतो."

बोलून झाल्यावर त्याला हलके वाटले. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"भाच्याला तुझा पत्ता मीच दिला होता," ते म्हणाले आणि पडद्यावरच्या त्या रेघेवरून त्यांनी अंगठ्याचे नख फिरवले. "सांधा लागतोय रे. शुक्रवारच्या आत घासून दे."