चुकलेलं उत्तर

सरांनी पटावर कोडं मांडलं आणि पुस्तकातलं उत्तर वाचून दाखवलं. "पांढऱ्याने वजीर बळी द्यायचा, चार खेळ्यांत मात."

"सर, उत्तर चुकलंय," वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली, तशी बाकीची फिदीफिदी हसली.

"कुठे चुकलंय, दाखव."

"वजीर दिला की काळा राजा या कोपऱ्यातून निसटतो. म्हणून घाई नको. आधी हे प्यादं एक घर पुढे सरकवून कोपरा बंद करायचा. काळा काहीच करू शकत नाही. मग सावकाश मात."

सरांनी काळ्याच्या बाजूने तासभर जंग जंग पछाडलं, पण तिच्या बेतातून राजाची सुटका होईना.

"पुस्तक लिहिणाऱ्याला एवढंही कळलं नाही?" तिने विचारलं.

"नाही गं कळलं. दहा वर्षं नाही कळलं."

घरी आल्यावर चपला काढायच्या आतच सर बायकोला म्हणाले, "अगं, माझ्या पुस्तकात चूक निघाली!"

"अरेरे! कुणी काढली?"

"मी शिकवलेल्या पोरीने!" सर म्हणाले, आणि हीच बातमी सांगायला शेजाऱ्यांकडे निघाले.